एक देश, एक कादंबरी: भारताची टिकली कुठली लावू?

हिंचका:
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या पाडव्याच्या आदल्या दिवशी लेकीच्या खोलीची आवराआवर करताना तिचा शाळेतला जगाचा नकाशा सापडला. ती आता पुण्यात नोकरीला. नकाशा पस्तीत, म्हणजे रद्दीत, टाकायला जीव होईना, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता बघत बसले. तेव्हा लक्षात आलं, पन्नाशी आली, 'वाचणारी बाई' म्हणून नातेवाइकांत नाव आहे, पण परदेशी म्हणून जे काही वाचलंय ते इंग्लंड, अमेरिका, रशिया आणि चवीपुरतं फ्रान्स. बाकी अख्खा नकाशा कोरा.

तेव्हापासून हा उद्योग सुरू आहे. एका देशाची एक कादंबरी. वाचून झाली की त्या देशावर माझ्या पाकिटातली एक लाल टिकली. आज एकतीस झाल्या. कादंबरीच हवी, प्रवासवर्णन-आत्मचरित्र नको. लेखक त्या मातीतला हवा, साहेबाने शिकारीला जाऊन लिहिलेली आफ्रिका नको. भाषा मराठी, हिंदी, इंग्रजी, जी हाताला लागेल ती.

सुरुवात नायजेरियाने केली. चिनुआ अचेबेंची १९५८ सालची 'थिंग्ज फॉल अपार्ट'. वाटलं होतं जड जाईल. पण पहिल्याच प्रकरणात नायकाचा बाप उनोका भेटतो. बासरी सुरेख वाजवतो, काम शून्य, गावभर उधारी. एक शेजारी पैसे मागायला येतो. आधी कोला नट फोडून द्यायचा, आपल्या पानसुपारीसारखा. मग पाऊसपाण्याच्या गप्पा, मग म्हणींच्या आडून हळूच विषय. त्यावर उनोका हसत सुटतो आणि भिंतीकडे बोट दाखवतो. भिंतीवर खडूच्या रेघा, ज्याचं देणं त्याचा वेगळा गट. म्हणे, मोठी देणी आधी फेडायची असतात, तुझं तर बारकं आहे! हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, एकटीच हसत होते. आमच्या जुन्या वाड्यात असे एक काका होते, फक्त खडू नव्हता.

आइसलँडची हाल्डोर लॅक्सनेसची 'इंडिपेंडंट पीपल' भर मे महिन्यात वाचली. अठरा वर्षं दुसऱ्याकडे राबून स्वतःची जमीन घेणारा हट्टी मेंढपाळ ब्यार्तुर. पानोपानी बर्फ, मेंढ्या आणि कॉफी. बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि मी पायावर चादर घेऊन बसलेली. दुसऱ्या दिवशी वाफेने आइसलँडची टिकली सुटली, ती थेट आमटीत. पुष्कळ ढवळलं, सापडली नाही. घरातल्या कोणाच्या तरी पोटात आइसलँड आहे.

आता अडले आहे दोन ठिकाणी.

एक, देश कोणाचा कोणता धरायचा? अब्दुलरझाक गुर्ना झांझिबारचे, तरुणपणीच इंग्लंडला गेले, तिथेच प्राध्यापक झाले, २०२१ चं नोबेल मिळालं. 'पॅरडाइज' घडते पूर्व आफ्रिकेत. टिकली टांझानियावर की ब्रिटनवर?

दोन, भारतासाठी कोणती? एकच हं. मराठी माणूस म्हणून मराठीच घ्यावी का?

येऊ द्या.

रावपुरा_लोकल:
पहिला नंबर माझा! लीलो चिवडा घेऊन बसलोय ने, चालू द्या.

चष्मेबहाद्दर:
वाचनखूण साठवली. लंडनच्या अ‍ॅन मॉर्गन यांनी २०१२ मध्ये हाच प्रकार एका वर्षात केला होता, सगळे देश. साओ टोमे आणि प्रिन्सिपचं इंग्रजीत काही मिळेना, तेव्हा स्वयंसेवकांनी पोर्तुगीजमधून पुस्तक भाषांतर करून दिलं. तुमच्यासाठी आम्ही काय करावं ते सांगा. मला पोर्तुगीज येत नाही, पण आमटी चांगली येते.

तात्या_पाणीगेट:
ताई, रागावू नका, पण हे पोस्टाची तिकिटं जमवल्यासारखं झालं. मीही लहानपणी जमवायचो. हंगेरी मिळालं म्हणून गल्लीभर नाचलो होतो, हंगेरी कुठे आहे ते आजही सांगता येणार नाही. एक कादंबरी वाचली की नायजेरिया झाला? उद्या लागोसमधली एखादी बाई 'इंडिया' म्हणून एक पुस्तक वाचेल आणि आपल्यावर टिकली चिकटवून मोकळी होईल. तिला काय आपल्या बडोद्याची मांडवी कळली? मी तीस वर्षं टॉलस्टॉय वाचतोय, अजून तळ लागला नाही. एकाच जागी खणावं. दहा ठिकाणी दोन-दोन फूट खणून घर नुसतं धुळीने भरतं.

हिंचका:
तात्या, राग कसला. लागोसच्या त्या बाईने बडोद्यावर टिकली लावली तर मी तिला जेवायला बोलावीन. आमटी गाळून घेईन.

निशिगंध:
तात्यांचं वाचून उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही.

मी इजिप्तसाठी नगीब महफूझ यांची 'पॅलेस वॉक' वाचली. कैरोच्या तीन कादंबऱ्यांतली पहिली, १९५६ सालची. महफूझना नोबेल मिळालं १९८८ मध्ये. घरचा कर्ता अहमद बाहेर मित्रांत रंगेल, गाणंबजावणं, थट्टामस्करी, आणि घरात पाऊल टाकलं की सगळे चिडीचूप. त्याची बायको अमीना लाकडी जाळीच्या आडून रस्ता बघते, वर्षानुवर्षं आपली आपण घराबाहेर पडलेली नाही. नवरा परगावी गेल्यावर मुलं आग्रह करतात म्हणून जवळच्याच अल-हुसैनच्या मशिदीत दर्शनाला जाते. तिथून निघाल्यावर मोटारीचा धक्का लागतो, खांद्यापाशी हाड मोडतं. नवरा परत येतो. हाड जुळेपर्यंत काही बोलत नाही. बाई बरी झाली की तिला सांगतो, माहेरी जा.

इथे मी पुस्तक मिटलं आणि आजीला फोन लावला. आजी लग्न होऊन दांडिया बाजारात आली तेव्हा माडीच्या खिडकीतून तिला सूरसागर दिसायचा. त्या तलावाच्या कठड्याला हात लावायला तिला चार वर्षं लागली, तेही गणपती विसर्जनाला, सासूच्या मागून. मी तिला अमीनाची गोष्ट सांगितली. म्हणाली, "मग त्या बाईला परत घेतलं का गं?" म्हटलं, घेतलं. "बरं झालं," म्हणाली, आणि बराच वेळ नुसता तिच्याकडच्या पंख्याचा आवाज येत राहिला.

ही दोन फुटांची खणाई असेल तर असो, तात्या.

रावपुरा_लोकल:
आजींना नमस्कार सांगा.

तात्या_पाणीगेट:
माझाही सांगा. टॉलस्टॉयवरचं मत कायम आहे.

मोंबासा_मेल:
पहिल्या प्रश्नावर बोलतो. माझी सासुरवाडी गुजराती, आणि सासऱ्यांचं लहानपण कंपालात गेलेलं. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडा म्हणून सांगितलं. सासरे ब्रिटिश पासपोर्टवर लंडनला गेले, त्यांचे धाकटे भाऊ इकडे बडोद्याला आले. एका आईचे दोघे. एक अजून चहाला 'चाय' म्हणतो आणि त्यात दूध नंतर घालतो, दुसरा बशीतून पितो. दोघंही भांडताना मात्र मध्येच स्वाहिलीत शिरतात. यांना तुम्ही कुठली टिकली लावणार?

'पॅरडाइज'मध्ये युसुफ नावाच्या पोराला बाप कर्जापोटी एका व्यापाऱ्याकडे पाठवून देतो. पोरगा त्या व्यापाऱ्याला काका समजत असतो, आणि तिथे गेल्यावर कळतं की हा काका नाही, आपण गहाण आहोत. मी हे सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, यात सांगण्यासारखं काय आहे, आमच्या बाजारात असे दोन होते.

माझा नियम साधा: लेखकाला रात्री स्वप्नं कुठली पडतात तो त्याचा देश. गुर्ना टांझानिया. युगांडासाठी जेनिफर मकुंबी यांची 'किंटू' घ्या. एका शापाची गोष्ट, अठराव्या शतकापासून आजपर्यंत तेच घराणं. मात्र वसनजी यांच्या 'द गनी सॅक'ला हात लावाल तर फसाल. गृहस्थ जन्मले नैरोबीत, वाढले दार-ए-सलाममध्ये, राहतात कॅनडात, आणि पुस्तकात निम्मे लोक आपल्या कच्छ-काठियावाडकडचे.

तात्या_पाणीगेट:
स्वप्नं कुठली पडतात हे पासपोर्टवर छापत नाहीत.

नियमावली:
छापलं असतं तरी उपयोग नव्हता. इव्हो आंद्रिच घ्या. जन्म बोस्नियातला, घर क्रोएट, राहिला बेलग्रेडला, १९६१ चं नोबेल युगोस्लाव्हियाच्या नावावर आणि आज तो देशच नाही. 'द ब्रिज ऑन द ड्रिना' ही विशेग्राडच्या अकरा कमानींच्या दगडी पुलाची गोष्ट. माणसं येतात, मरतात, साम्राज्यं बदलतात, पूल तिथेच. त्या पुस्तकात नायक पूल आहे, तेव्हा पूल जिथे आहे तिथे टिकली लावा: बोस्निया. आणि सर्बियावाले भांडायला आले तर मला बोलावू नका.

जवळचंच बघा. कुर्रतुलऐन हैदर यांची 'आग का दरिया' आली १९५९ मध्ये, पाकिस्तानात. बाई नंतर भारतात परतल्या. नेपाळची 'शिरीषको फूल' वाचाल तर पारिजात यांचा जन्म दार्जिलिंगचा. ती मात्र नेपाळीतूनच वाचून बघा, देवनागरीच आहे, अर्धं आपोआप कळतं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी खोटं हसावं लागत नाही.

हिंचकाताई, तुमचा नकाशा कुठल्या सालचा?

हिंचका:
बघून आले. दक्षिण सुदान नाही त्यावर. म्हणजे २०११ च्या आधीचा.

नियमावली:
मग एक देश फुकट वाचला तुमचा.

इंदूरी_जीरावन:
अरे भिया, काय इतका विचार करून राहिले तुम्ही बडोदेवाले! ज्या पुस्तकातलं खाणं वाचून भूक लागते तो देश त्या लेखकाचा, विषय संपला.

भारतासाठी श्रीलाल शुक्लांची हिंदी 'राग दरबारी', १९६८. दुसरं नाव घेऊच नका. शिवपालगंज उत्तर प्रदेशात आहे असं पुस्तकात असेल, आमच्या इकडे दर दोन किलोमीटरवर एक आहे. माझ्या कॉलेजची मॅनेजिंग कमिटी त्या कादंबरीतून उचलून आणली होती की त्यांनी आमच्याकडून चोरली, एवढाच प्रश्न आहे.

रावपुरा_लोकल:
खाण्यावरच जायचं तर सेव उसळ लिहिणारा लेखक आम्हाला मिळाला नाही, ही बडोद्याची शोकांतिका.

इंदूरी_जीरावन:
सेव उसळीवर काय लिहिणार? वर पाव मागतात आणि खाली रस्सा. पोह्यावर महाकाव्य होईल.

रावपुरा_लोकल:
पोह्याबरोबर जलेबी खाणाऱ्यांनी महाकाव्याच्या गोष्टी करू नयेत. आमच्याकडे फाफड्याबरोबर खातात, माणसासारखे.

संपादक_मंडळ:
कृपया विषयाला धरून प्रतिसाद द्यावेत. पोह्यांसाठी वेगळा धागा आहे, २१४ प्रतिसाद झाले आहेत.

कडीपत्ता:
भारतासाठी मराठीच हवी! विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९. एवढी छोटी आणि एवढी जीवघेणी दुसरी दाखवा. युद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईला निघालेली बोट, त्यावर चक्रधर आणि जर्मनीतून जीव घेऊन निघालेली ज्यू हॅर्टा. जगाच्या नकाशावर मराठीने टाकलेलं पाऊल म्हणजे हे पुस्तक.

नियमावली:
ती बोटीवर घडते. टिकली समुद्रात लावावी लागेल.

कडीपत्ता:
लावा समुद्रात! अरबी समुद्रावर किती छान दिसेल.

चष्मेबहाद्दर:
'कोसला' कोणीच कसं म्हणालं नाही अजून? १९६३. पांडुरंग सांगवीकरशिवाय भारत पूर्ण होतो का?

तात्या_पाणीगेट:
उदाहरणार्थ, होतो.

कडीपत्ता:
बरं, दुसरी शंका. मराठी भाषांतरं मोजता का? पु. लं.चं 'एका कोळियाने' वाचलंय, जी. एं.चं 'रान' वाचलंय. दोन्ही मुळात अमेरिकन. मला तर 'रान' वाचताना झाडं आपल्या सह्याद्रीतलीच वाटली होती.

हिंचका:
मोजते. पण अमेरिकेवर टिकली आधीच आहे, आणि एका देशावर दुसरी लावायची नाही. नाहीतर सगळ्या तिथेच जातील.

तात्या_पाणीगेट:
भाषांतरावर माझं म्हणणं आहे. अरबीचं इंग्रजी, ते वाचणार आपण मराठी डोक्याने. अल्बेनियाच्या कादरेंची काही पुस्तकं तर अल्बेनियनमधून फ्रेंच आणि फ्रेंचमधून इंग्रजी अशी आली आहेत. म्हणजे दोनदा गाळलेला चहा. तुम्ही जी चव घेताय ती अल्बेनियाची की गाळणीची?

निशिगंध:
तात्या, आणि तुमचा टॉलस्टॉय? तुम्ही रशियन कधी शिकलात?

तात्या_पाणीगेट:
हा वैयक्तिक हल्ला आहे.

(पण मुद्दा आहे. दोन दिवसांनी उत्तर देतो.)

मोंबासा_मेल:
भाषेवरून केनियाचे न्गुगी वा थिओंगो आठवले. आधी इंग्रजीत लिहायचे, नाव झालं होतं. १९७७ च्या शेवटी तुरुंगात टाकलं, कारण त्यांनी खेड्यातल्या लोकांना घेऊन त्यांच्याच गिकुयु भाषेत नाटक केलं. इंग्रजीत लिहीत होते तोवर सरकारला एवढं झोंबलं नव्हतं. तुरुंगात त्यांनी गिकुयुमध्ये कादंबरी लिहिली, ती शौचालयाच्या कागदावर. म्हणाले, कागद कैद्यांना टोचावा म्हणून खरखरीत दिलेला, तो लिहायला उत्तम निघाला. मग स्वतःच इंग्रजी केलं, 'डेव्हिल ऑन द क्रॉस'. २०२५ मध्ये गेले. मी त्यांचं वाचलं ते अर्थात इंग्रजीतूनच, आणि वाचताना थोडी लाज वाटली.

चष्मेबहाद्दर:
ताई, एवढी पुस्तकं आणता कुठून ते सांगा. महागडा छंद दिसतोय.

हिंचका:
अजिबात नाही. निम्मी पस्तीवाल्याकडची. आमच्याकडचा पस्तीवाला इंग्रजी पुस्तकं वेगळी काढून ठेवतो, ती जाडीवर विकतो. किर्गिझस्तान तिथेच सापडलं: चिंगीझ ऐत्मातोवांचं हिंदी पुस्तक, मॉस्कोत छापलेलं, आत कोणाच्या तरी 'सप्रेम भेट'ची शाई फुटलेली. १९९१ ला एका देशाचे पंधरा झाले त्याचा सगळ्यात जास्त फायदा माझ्या नकाशाला झाला असावा. बाकी काही लेकीकडून, काही लायब्ररीतून. ऑनलाइनचा अनुभव एकदा घेतला. एका दुकानातून अल्बेनियाची कादंबरी मागवली, आलं ते अल्कलाइन आहारावरचं पुस्तक. परत पाठवायला गेले तर म्हणे मुदत संपली. दुधी भोपळ्याचा रस पिऊन बघितला, कादंबरीची भरपाई होत नाही.

काचेची_फरशी:
मी फारसा लिहीत नाही, वाचत असतो. लायब्ररीचं नाव निघालं म्हणून.

मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मी शाळेत असल्यापासून जातो. तिथली आतली फरशी काचेची आहे, खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून. लहानपणी मला पुस्तकांपेक्षा तिचंच अप्रूप. लोखंडी मांडण्यांच्या मधल्या बोळात मान वर करून उभं राहायचं. वर कोणी चाललं की चपलांच्या तळव्यांच्या धूसर सावल्या डोक्यावरून जायच्या. कोण कुठल्या कपाटापाशी थांबलंय ते कळायचं, पण माणूस कधी दिसायचा नाही.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले. ते तीन वर्षं राहिले आणि अख्ख्या संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. पेट्यांत पुस्तकं भरून त्या गावोगाव फिरायच्या. आमचे आजोबा अशा एका गावी शाळामास्तर होते. पेटी आली की आधी गावातली पोरं पेटीवर बसून घ्यायची, मग ती उघडायची, असं ते सांगत. पेटीत मराठी असायची, गुजरातीही असायची. आजोबा दोन्ही वाचत.

मला सांगायचं होतं ते वेगळंच. मी ज्या मांडणीपाशी जन्मभर जातोय ती मराठी. तिच्या पलीकडे गुजराती. माझं वय अडुसष्ट, दुकानात, बँकेत, शेजारीपाजारी दिवसभर गुजरातीच बोलतो, नातवंडांशीसुद्धा. आणि पलीकडच्या त्या बोळात मी आजवर एकदाही शिरलेलो नाही. तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि हे एकदम जाणवलं. मराठी घ्यावी की हिंदी यावर एवढे प्रतिसाद आले, या गावच्या भाषेचं नाव कोणीच घेतलं नाही. मीही घेतलं नसतं.

निशिगंध:
काका, हे वाचून कसंतरी झालं. माझंही तेच. सुरेश जोशी इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकवत होते, त्यांचं नाव मला ठाऊक आहे, फक्त नाव.

इंदूरी_जीरावन:
आमचं बरं आहे मग. आम्ही हिंदी तर वाचतो.

रावपुरा_लोकल:
मी गुजराती पेपर वाचतो. राशिभविष्य आणि क्रिकेट. मोजणार का?

कडीपत्ता:
हिंचकाताई गायब आहेत. धागा वर काढतेय.

चष्मेबहाद्दर:
कदाचित आइसलँड बाधलं असेल.

हिंचका:
आले, आले. बारा दिवस झाले, माफ करा. तब्येत बरी आहे.

काचेची फरशी काकांचा प्रतिसाद वाचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या मासी छुंद्याची बरणी द्यायला आल्या. आम्ही बडोद्यात मावशी नाही म्हणत, मासीच. वीस वर्षांचा शेजार. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं, त्यांनी नकाशा बघितला. आ शुं छे? मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावून सगळ्या टिकल्यांवरून बोट फिरवलं, मग भारतावर थांबल्या. "आमां आपणी कई?" यात आपली कुठली? मी म्हटलं, अजून ठरत नाहीये, लोकांना विचारलंय. "कया लोकोने?" आता काय सांगणार, की इंदूरच्या माणसाला विचारलं, लंडनच्या बाईची माहिती काढली आणि तुम्हाला नाही विचारलं.

मासी परत गेल्या आणि वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक घेऊन आल्या. पन्नालाल पटेलांची 'मानवीनी भवाई'. १९४७ सालची. पुढे १९८५ चं ज्ञानपीठ पन्नालालांना मिळालं. मला नाव माहीत होतं, ज्ञानपीठच्या यादीत पाठ केलेलं.

गुजराती मला वाचता येतं असा माझा समज होता. दुकानांच्या पाट्या, बसचे बोर्ड, लाइट बिल. कादंबरीचं पहिलं पान घेतलं आणि कळलं की पाटी वाचणं आणि पान वाचणं यात फार अंतर आहे. अक्षरं ओळखीची, पण वरची रेघ नाही, डोक्यावरचा पदर काढून ठेवलेल्या बायकांसारखी एकदम वेगळीच दिसायला लागतात. त्यातून भाषा उत्तरेकडच्या खेड्यातली. मासींचं माहेर चरोतरचं, त्यासुद्धा काही शब्दांना अडतात, मग दोघी मिळून अंदाज करतो.

आता असं ठरलंय. रात्री जेवणं झाली की मासी येतात, हिंचक्यावर बसून मोठ्याने वाचतात, मी दुसऱ्या दिवशीची भाजी निवडते. चार पानं होतात, फार तर पाच. काळू आणि राजूची लहानपणी सोयरीक झालेली, ती मोडते, दोघांची लग्नं दुसरीकडे होतात, आणि तरी एकमेकांच्या समोर वावरत राहतात. दुष्काळ अजून यायचाय. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, छप्पनियो. मासी म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या हाताखाली ताटात काही टाकायची सोय नव्हती. पोराने भात उष्टा सोडला की ती नुसतं "छप्पनियो" म्हणायची, एवढंच. मासींना लहानपणी वाटायचं ते कोणा राक्षसाचं नाव आहे. हे सांगताना त्यांनी माझ्या ताटलीतल्या गवारीच्या टाकलेल्या शिरा बघितल्या आणि हसायला लागल्या. मी त्यातल्या दोन कोवळ्या परत उचलल्या.

तेव्हा भारताची टिकली ठरली. पुस्तक संपेल तेव्हा, दिवाळीपर्यंत.

काचेची_फरशी:
वाचलं. काल मांडवीला गेलो होतो. पलीकडच्या बोळात गेलो. तिथेही काचेची फरशीच आहे. पुस्तक घेतलं आहे, कुठलं ते वाचून झाल्यावर सांगतो.

तात्या_पाणीगेट:
कितव्या पानावर आहात? आमच्याकडे वाचून दाखवणारं कोणी नाही. मासींची हरकत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा, टॉलस्टॉय थांबेल.

आणि निशिगंध, तुमचं उत्तर: नाही शिकलो रशियन. गाळलेलाच चहा पितोय तीस वर्षं.

निशिगंध:
तात्या, आजीला दाखवते हा प्रतिसाद.

हिंचका:
मासींना विचारलं. म्हणाल्या, चालेल, पण मधे खोकला येतो तो कापायचा नाही.

नियमावली:
अभिनंदन. फक्त एक. पन्नालाल पटेलांचा जन्म मांडली गावचा, आणि मांडली आहे डुंगरपूर जिल्ह्यात, म्हणजे राजस्थानात. तेव्हा टिकली गुजरातवर की राजस्थानवर?

हिंचका:
नकाशा जगाचा आहे. टिकली एवढी मोठी आहे की गुजरात, राजस्थान आणि निम्मं इंदूर तिच्याखाली जातंय.

इंदूरी_जीरावन:
निम्मं म्हणजे कुठलं निम्मं? सराफा आला का त्यात?

मोंबासा_मेल:
आणि गुर्ना?

हिंचका:
टांझानिया. तुमच्या सासऱ्यांच्या भरवशावर.

नवीन_सदस्य_४७:
छान धागा! सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. आइसलँडची टिकली सापडली का?

हिंचका:
सापडली. आमटीत नव्हतीच, कुकरच्या रिंगला आतून चिकटली होती. धुऊन परत लावली, पण दाराच्या त्या कोपऱ्यात तेलकटपणा आहे, आइसलँडवर टिकत नाही. सध्या बाजूला ग्रीनलँडवर लावून ठेवलीय.

नियमावली:
ग्रीनलँड डेन्मार्कचं आहे. आणि डेन्मार्क तुमचं अजून बाकी आहे.